रिव्हर्स गिअर

सीताबर्डीत माझं दुकान आहे, जिन्याखालचं.
लेन्स भाड्याने देतो, कॅमेरे साफ करतो.
एकवीस वर्षं जंगल माझ्याकडे
ब्रशाच्या केसांवर बसून आलं:
ताडोब्याची तांबूस धूळ, पेंचची जरा फिकी,
बटणाच्या फटीत अडकलेलं कुसळ.
गिऱ्हाईक स्क्रीन पुढे करायचं, ‘मिशा मोजून घ्या, काका.’
मी मोजायचो, छान म्हणायचो,
आणि दीडशेची पावती फाडायचो.

या मार्चात निघालो एकदाचा.
दिघोरी नाक्यावर रात्र अजून उतरायची होती.
पाचगावपुढे गिट्टीचे ट्रक, उमरेडला चहा,
कऱ्हांडला गेटवर मोबाईल काढून घेतले,
ट्रेमध्ये ओळीने, देवळाबाहेरच्या चपलांसारखे.

गाईड होत्या सत्यफुला कुमरे.
खाकी शर्ट, कॅन्व्हासचे बूट, कानात बारीक तार.
चढल्या चढल्या प्लास्टिकच्या बाटल्या मागून घेतल्या,
मग पुढच्या बाकावरच्या ताईंचं अत्तर हुंगून म्हणाल्या,
‘उद्या नका लावू. इथं नाकानंच पेपर वाचतेत सारे.’

इसाराम विसाच्या वर काटा जाऊ देत नव्हता.
मोहाखाली रात्रीची फुलं, त्यांत अस्वलाने उकरलेली माती,
बाईंनी तेही दाखवलं, वारूळही,
ऐनाच्या खोडावर चिकटून बसलेलं घुबडाचं पोर.
‘वाघाचं काय?’ मागून कुणी तरी.
‘वाघाचं वाघ पाहीन जी.’

सांबर ओरडलं. एकदाच,
रिकाम्या पिंपावर घण बसल्यासारखं.
मग उंचावरून वानर, खाकरत, पुन्हा खाकरत.
इंजिन बंद.
माझ्या मनगटावरचं घड्याळ
मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

डावीकडच्या बांबूत काही तरी थांबलं.
हलताना दिसलं नव्हतं, थांबलेलं कळलं.
पुढे दोन जिप्सी, मागून एक येत होती,
सगळ्यांची तोंडं बांबूकडे,
आणि रस्त्याच्या पलीकडे, खाली, नाल्यात पाणी.

‘पिल्लं हायेत तिच्यासंगं,’ बाई कुजबुजल्या,
‘तिले पलीकडं जाचं आहे.
आपण तिच्या दारात उभे हावो. घे मांगं, इसाराम.’

‘अहो, आत्ता?’ पुण्याचे गृहस्थ म्हणाले,
‘एवढे पैसे भरून...’
मीही, खरं सांगतो, मनात तेच म्हटलं.
मांडीवर सहाशेची लेन्स, माझ्याच दुकानातली,
तिचं दिवसाचं भाडं मीच मला बुडवलेलं.

इसारामने रिव्हर्स टाकला.
शंभर पावलं, दीडशे, थेट वळणापर्यंत.
तिथून ना बांबू दिसत होता, ना नाला.
साग दिसत होता, किड्यांनी चाळणी केलेली त्याची पानं.
बाईंनी हात वर करून मागच्या गाडीला थोपवलं,
पुढच्याही दोघी सरल्या, एक बरीच कुरकुरत.
बारा मिनिटं.
मध्ये गवत सरसरलं, असं ताई म्हणतात.
मला नाही आलं ऐकू.

मग गेलो.
धुळीत आमच्याच टायरच्या नक्षीवर
पंजे उठलेले, रुंद, कसलीच घाई नसलेले,
आणि बाजूने लेन्सच्या झाकणाएवढे
तिघांचे. एकाने मध्येच उडी मारलेली.
सगळे पाण्याकडे.
बाई उतरल्या नाहीत, कुणाला उतरू दिलं नाही.
वाकून नुसतं म्हणाल्या, ‘पोचली.’
लेकीची बस गावी लागल्याचा फोन आल्यावर
माणूस म्हणतं तसं.

फोटो काढला नाही असं नाही. काढला.
हात हलला, बिघडला.

सोमवारी दुकान उघडलं.
एक पोरगा आला, नवा, घाईतला:
‘काका, सगळ्यात जवळचं दाखवणारी द्या.’
सहाशेची उतरवली, काच पुसली.
रिंगमध्ये रविवारची धूळ होती अजून,
फिरवली की करकरायची.
‘ही ने,’ म्हटलं, ‘हिच्यामुळे मागं सरता येतं.’
त्याने माझ्याकडे जरा बघितलं,
पावतीवर सही केली,
आणि विचारलं, डिपॉझिट किती.